थोरली मशीन उघडते

थोरलीला तिच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारली त्याला पुष्कळ वर्षं लोटली होती. पाच बहिणींत ती मोठी, म्हणून माहेरी थोरली. लग्न होऊन आली तर सासरीही तीच मोठी सून, म्हणून तिथंही थोरली. सरकारी कागदावर नाव वाचलं की तिला क्षणभर वाटायचं, ही कोण बाई?

नवरा गेला तेव्हा लेक आठ वर्षांची होती. त्यातून सावरते न सावरते तोच सासूबाईंची उजवी बाजू लुळी पडली आणि त्या अंथरुणाला खिळल्या, त्या पुढं अकरा वर्षं. दोन खोल्यांत चार माणसं: सासू, सासरे, थोरली आणि लेक. घर चालायचं ते सासऱ्यांच्या तुटपुंज्या पेन्शनवर आणि घरात आजारी माणसाचं करणाऱ्याला सरकारकडून मिळतो त्या भत्त्यावर. थोरली दर दोन तासांनी सासूबाईंची कूस बदलायची, औषधं वेळेवर द्यायची, अंग पुसायची, चादर बदलायची आणि हे करता करता त्यांच्याशी भांडायचीही. दोघींचं भांडणं हेच बोलणं होतं.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. थोरलीचे हात एकदम रिकामे झाले. भाजी चिरता चिरता ती मधेच उठायची, आतल्या खोलीच्या दारापर्यंत जायची आणि रिकाम्या पलंगाकडं बघून परत यायची. एकदा सासऱ्यांनी हे पाहिलं. ती त्यांना मामंजी म्हणायची. हा म्हातारा आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम केलेला, बोलायला मोजका. ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या डोक्यातल्या घड्याळाला आता जरा सुटी दे."

सुटी मिळाली नाही, पत्र आलं. ज्यांच्यासाठी भत्ता मिळत होता त्या आता नाहीत, तेव्हा रोजगार कार्यालयात येऊन भेटावं, चार महिन्यांचं प्रशिक्षण घ्यावं. प्रशिक्षण घेत असताना आणि पुढं नोकरी लागेपर्यंत भत्ता चालू राहील, न घेतल्यास बंद होईल. थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. वय सत्तेचाळीस, शाळा सातवीपर्यंत, आणि आयुष्यात बाहेर नोकरी म्हणून केलेली नाही.

कार्यालयात एकमेकींना जोडलेल्या लोखंडी खुर्च्या होत्या आणि हातात आकड्याचा कागद घेऊन बसलेली माणसं. तिचा आकडा आला. टेबलामागं बसलेली सल्लागार तिच्या लेकीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठी असेल. पेनाचं टोपण चावून चावून तिनं त्याचा पार चोथा केला होता.

"अनुभव या रकान्यात काय लिहू?" तिनं विचारलं.

"काही नाही, असं लिहा."

"अकरा वर्षं काय करत होता?"

"सासूबाईंचं करत होते."

"म्हणजे काय काय? सगळं सांगा."

थोरली सांगायला लागली. सुरुवातीला अडखळत, मग भराभर. जड माणसाला एकट्यानं कसं वळवायचं. शेवटी शेवटी नळीतून अन्न द्यावं लागायचं, ती नळी तुंबली तर कशी साफ करायची. नुसत्या श्वासावरून ताप चढतोय की कफ अडकलाय हे कसं ओळखायचं. मुलगी लिहीत राहिली, पान उलटलं, आणखी लिहीत राहिली. शेवटी मान वर करून म्हणाली, "मावशी, तुमचं 'काही नाही' दोन पानं भरून झालं."

थोरलीला हसू आलं. पण हसू मावळल्यावर तिनं पोटातलं विचारून घेतलं. "शिकले आणि नोकरी मिळाली नाही तर? किंवा मिळाली आणि त्यांनी महिन्यात काढून टाकलं तर? भत्ताही गेला आणि नोकरीही गेली, असं झालं तर आम्ही तिघांनी काय करायचं?"

सल्लागार मुलीनं ते हसण्यावारी नेलं नाही. "नोकरी लागल्यापासून सहा महिने तुमची फाईल मी बंद करत नाही. त्या काळात काही बिनसलं तर भत्ता पुन्हा चालू होतो. हे लेखी देते. आणि सोमवार ते शुक्रवार मी ह्याच खुर्चीत असते. खुर्ची टेबलाला बांधलेली आहे, पळून जाता येत नाही."

शिवणाचा वर्ग भरला होता. केस कापायच्या वर्गाचाही तोच प्रकार. जागा होत्या त्या एकाच ठिकाणी: वॉशिंग मशीन दुरुस्ती.

"माझ्या घरी मशीनच नाही," थोरली म्हणाली. "मी अजून मोरीत बसून कपडे धुते."

"मग तर बरंच आहे. चुकीच्या सवयी लागलेल्या नसतील."

घरी सांगितल्यावर लेक पोट धरून हसली. "आई, तू? मिक्सरचं झाकण अडकलं तरी मला हाका मारतेस."

मामंजी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "झाकण अडकलं की हाक मारते ती फक्त तुला कामाला लावायला. मी बघितलंय, तू घरात नसलीस की आपसूक उघडतं."

वर्ग भरायचा कार्यालयामागच्या पत्र्याच्या लांब शेडमध्ये. भिंतीला लागून बारा मशीनं, बहुतेकांच्या पाठी उघड्या. शिकणारे आठ जण, त्यात सात पुरुष. कुणाचा कारखाना बंद पडलेला, कुणाची गाडी विकली गेलेली. एक रंगारी होता, उंच शिडीवरून पडल्यापासून त्याला चढायची भीती बसली होती. शिकवणारे मास्तर तीस वर्षं मशीनं दुरुस्त करून वाकलेले. पेचकस कानामागं खोचलेला असायचा आणि तरी मास्तर तो दिवसातून चारदा शोधायचे.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी एक मशीन चालू केलं आणि म्हणाले, "ह्याला काय झालंय ते सांगा." सातही जण पाठीमागं धावले आणि स्क्रूंवर तुटून पडले. थोरलीच्या हातात पेचकस नव्हता आणि गर्दीत घुसायला जागाही नव्हती. ती आपली पुढच्या बाजूला उभी राहिली, मशीनच्या अंगावर हात ठेवून.

"ताई, तुम्ही काय करताय?" मास्तरांनी विचारलं.

"ऐकतेय."

"काय ऐकू येतंय?"

थोरली संकोचली. पण विचारलंय तर सांगावं. "पाणी भरताना बरं आहे. फिरतानाही बरं आहे. पाणी बाहेर टाकताना मात्र ह्याला दम लागतोय. घशात काहीतरी अडकलंय."

कोणीतरी खुसकन हसलं. मास्तर हसले नाहीत. ते खाली बसले, पुढचं लहानसं झाकण फिरवून पंपाची गाळणी ओढून बाहेर काढली. तिच्यात दोन बटणं निघाली, केसांची एक पिन आणि खेळण्यातल्या मोटारीचं एक चाक. मास्तरांनी ते सगळं टेबलावर ओळीनं मांडलं आणि वर्गाकडं वळले. "लिहून घ्या. पाणी टाकताना दम लागणे, कारण घशात अडकणे. पुस्तकात वेगळे शब्द आहेत, पण आजार हाच."

त्या दिवशी थोरली घरी आली ती तरंगतच. पण तरंगणं फार दिवस टिकलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तारांची आकृती आली. फळ्यावरच्या त्या रेघा बघून तिला गरगरायला लागलं, कोणती तार कुठून निघते आणि कुठं जाते, काही केल्या डोक्यात शिरेना. वीज मोजायचं यंत्र तर ती असं धरायची, की जणू ते चावणार आहे. आणि तिसऱ्या आठवड्यात व्हायचं ते झालं. पाण्याची नळी बसवताना तिची पट्टी आवळायची राहून गेली. मशीन चालू केलं, नळी सुटली आणि बघता बघता शेडभर पाणी. रंगाऱ्याचे नवे बूट भिजले. मास्तरांची वही तरंगत दारापर्यंत गेली.

थोरलीनं मुख्य नळ बंद केला आणि कोपऱ्यातलं फडकं उचललं. मान खाली, डोळ्यांत पाणी. आता आवरायचं, पुसायचं आणि घरी जायचं, परत यायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

"फडकं खाली ठेवा," मास्तर म्हणाले.

"माझ्यामुळं झालं, मी पुसते."

"पुसायला हे सात जण आहेत. तुम्हाला पुसायची सवय आहे, ती मी मघाशीच बघितली. काही सांडलं की पहिला हात फडक्याकडं. इथं पहिला हात बिघाडाकडं गेला पाहिजे. नळी का सुटली ते शोधा आणि मला सांगा."

सात पुरुष वाकून शेड पुसायला लागले. रंगारी एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सरळ पट्ट्यात पुसत होता, रंगाचे एकावर एक हात दिल्यासारखा, आणि कोणी मधे पाय टाकला की ओरडत होता. थोरली ओल्या जमिनीवर गुडघे टेकून नळीचं तोंड तपासत बसली. तिनं पट्टी आवळली, ओढून बघितली, मशीन पुन्हा चालू केलं. एक थेंब पडला नाही. घरी जायचं ठरवलं होतं हे ती तेवढ्यात विसरलीच.

अभ्यासाचं काम मामंजींनी अंगावर घेतलं. संध्याकाळी थोरली स्वयंपाकाला लागली की ते दारात खुर्ची टाकायचे आणि प्रशिक्षणाचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे. पण जन्मभराची सवय. दर पानाला थांबायचे.

"हा ऱ्हस्व पाहिजे. ह्यांनी दीर्घ टाकलाय."

"मामंजी, पुढं वाचा. मला परीक्षा आहे."

"परीक्षा तुझी आहे, पुस्तक छापणाऱ्याची कधी घेणार?" असं म्हणून ते लाल पेन्सिलीनं खूण करायचे आणि मग पुढं. वाचून झालं की प्रश्न विचारायचे. तारांची आकृती त्यांनी दोन दिवस घेऊन बसून समजून घेतली आणि तिला समजेल अशी करून दिली: ही घराबाहेर पडणारी वाट, ही घरी परतणारी, आणि ही संकटात जमिनीत पळून जाणारी. महिन्याभरात लेकीलाही पाठ झालं. जेवताना घरात बेअरिंग, पट्टा आणि पंप यांच्याशिवाय दुसरा विषय नसायचा. लेखी परीक्षेत थोरली आठ जणांत सहावी आली. प्रात्यक्षिकात पहिली. मामंजींनी लाल खुणा केलेलं पुस्तक तिच्याच हातून कार्यालयात पाठवून दिलं, वर चिठ्ठी: एकूण चुका एकशे चौदा.

नोकरी शोधणं मात्र परीक्षेपेक्षा अवघड निघालं. सल्लागार मुलीनं चार दुकानांची नावं काढली. पहिल्या तिन्ही ठिकाणी तिला चहा मिळाला, खुर्ची मिळाली आणि "कळवतो" हा शब्द मिळाला. चौथ्या दुकानाचा मालक स्पष्ट बोलणारा होता. विक्री पुढं, दुरुस्ती मागं, असं दुकान. त्यानं तिचं प्रमाणपत्र नीट वाचलं आणि परत दिलं.

"कामाबद्दल शंका नाही. पण बाई, एकेक मशीन सत्तर किलोचं असतं. ते भिंतीपासून ओढून काढायचं, फिरवायचं, परत लावायचं. माझे दोन तगडे गडी कंबर धरून घरी बसलेत."

"माझ्या सासूबाई बहात्तर किलोच्या होत्या," थोरली म्हणाली. "आणि त्यांना दुखायचं. ह्याला दुखत नाही."

 मालकानं कोपऱ्यातल्या एका मशीनकडं बोट केलं. "ते इथं, माझ्या टेबलापाशी आणून दाखवा."

"एक जुनी चादर द्या."

चादर आली. थोरलीनं तिची जाड घडी केली, मशीन हलकेच मागं कलवून पुढच्या पायांखाली सरकवली, मग बाजूला जाऊन ते जरा पुढं कलवून मागच्या पायांखाली. सासूबाईंच्या अंगाखाली चादर सरकवताना जसं करायची तसंच, अजिबात घाई न करता. मग चादरीची टोकं धरली, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि मागं मागं चालत आली. मशीन तिच्या मागोमाग निमूटपणे आलं. फरशीवर साधा ओरखडाही नाही.

"कमरेनं ओढायचं नसतं," ती धापा न टाकता म्हणाली. "मांड्यांनी ओढायचं. तुमच्या गड्यांना सांगा."

"तुम्हीच सांगा," मालक म्हणाला. "सोमवारी येतील ते. तुम्हीही या. एक महिना बघू."

पहिले दोन आठवडे ती एका जुन्या कारागिराबरोबर फिरली. तिसऱ्या आठवड्यात तिला एकटीला पाठवलं. पिशवी खांद्याला, कागदावर पत्ता, चौथा मजला. जिने चढताना तिला वाटत होतं, घरात कोणी नसावं. दार भूगोलाच्या एका निवृत्त शिक्षकांनी उघडलं. त्यांनी तिच्या खांद्यावरून मागं जिन्यात बघितलं.

"मेकॅनिक खाली थांबलाय का?"

"मेकॅनिक वर आलाय. मीच."

ते गडबडले, तीन वेळा माफी मागितली आणि तिला आत घेऊन गेले. मशीन नवंकोरं होतं, पण शेवटी कपडे पिळताना भयंकर उड्या मारायचं.

"मग तुम्ही काय करता?" तिनं विचारलं.

शिक्षक जरा ओशाळले. "दाखवतो." त्यांनी मशीन चालू केलं, वर्तमानपत्र उचललं आणि मशीनवर चढून बसले. मशीन थरथरायला लागलं, त्याबरोबर शिक्षक, चष्मा आणि वर्तमानपत्रही. "तीन म-म-महिने झाले," ते म्हणाले. "अग्रलेख सं-संपेपर्यंत पिळून होतं. आता मी उ-उठतो, बघा."

ते उठले मात्र, मशीन धडधडत स्वयंपाकघरातून निघालं ते थेट दाराच्या दिशेनं. वायर ताणली गेली म्हणून थांबलं, नाहीतर जिन्यापर्यंत गेलं असतं.

थोरलीनं हसू दाबलं, मशीन थांबवलं आणि दार उघडून आतला ड्रम हातानं हलवून बघितला. ड्रम जरा झुलायला हवा. हा मात्र अंग आखडून बसल्यासारखा, हलायचं नाव नाही. ह्याला कोणीतरी बांधून ठेवलंय, हे तिच्या लक्षात आलं. ती मागं गेली. पाठीवर चार मोठे बोल्ट जसेच्या तसे.

"हे बघा," ती म्हणाली. "वाटेत ड्रम आपटू नये म्हणून कारखान्यातून हे बोल्ट लावून पाठवतात. बसवताना काढायचे असतात. ज्यानं बसवलं तो विसरला. बिचारं तीन महिने हातपाय बांधलेल्या अवस्थेत कपडे पिळतंय."

दहा मिनिटांत चारही बोल्ट बाहेर आले. नशीब, आत काही तुटलं नव्हतं. तिनं मशीन जागेवर लावलं, पाय समतल केले आणि पुन्हा पिळायला सोडलं. मशीन गुणगुणत राहिलं. शिक्षक हातात वर्तमानपत्र धरून तसेच उभे.

"आता मी कुठं बसू?" त्यांनी विचारलं.

"खुर्चीवर बसून बघा. वाचायला सोपं जाईल."

शिक्षक इतके हसले की त्यांना खरंच खुर्चीवर बसावं लागलं. थोरली दुकानात पोचायच्या आधीच त्यांचा फोन मालकाकडं पोचला होता. महिना संपल्यावर मालकानं काही भाषण केलं नाही, दुकानाचं नाव शिवलेला निळा शर्ट तिच्या मापाचा मागवला. त्यावरून थोरलीला समजलं.

सहा महिने झाल्यावर ती रोजगार कार्यालयात गेली. सल्लागार मुलीनं तिची फाईल काढली. बारा वर्षांची, चांगली जाड झालेली. शेवटच्या कागदावर सही करायची होती. थोरलीनं पेन उचललं आणि हात तिथंच थांबला.

"घाबरताय का?" मुलीनं विचारलं.

"घाबरत नाही. ह्या भत्त्यानं मला धरून ठेवलं म्हणून मी सासूबाईंना धरून ठेवू शकले. लोक भत्त्यावरची बाई म्हणून नाक मुरडायचे. मला कधी लाज वाटली नाही, आणि आज सुटला म्हणून मिरवायचंही नाही. एवढंच वाटलं, की सही करण्याआधी मनात एकदा आभार मानावेत."

मुलीनं कागद तिच्याकडं आणखी जरा सरकवला. सही झाली. मग तिनं थोरलीला विचारलं, कोणता वर्ग घ्यायचा हे ठरवायला आलेल्या नव्या बायांसमोर दोन शब्द बोलाल का. थोरलीला दोन शब्द बोलता येत नव्हते, पण पिशवीत एक तुंबलेला पंप होता, दुकानात न्यायचा. तो तिनं टेबलावर ठेवला आणि समोरच्या बायांना म्हणाली, "हा उघडून बघा, आत काय आहे." त्या दिवशी वॉशिंग मशीनच्या वर्गाला तिघींनी नाव घातलं. एक तर पंप घरीच घेऊन चालली होती, तिला अडवावं लागलं.

आता नवीनच प्रकरण सुरू आहे. हत्यारांची पिशवी घेऊन बसमधून हिंडण्यात दिवस जातो, म्हणून मालकानं थोरलीला दुकानाची स्कूटर देऊ केली आहे. अट एकच, चालवता आली पाहिजे. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानावर शिकवणी चालते. लेक मागं बसते, मामंजी कडेला खुर्ची टाकून बसतात आणि वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक मोठ्यानं वाचतात, अधूनमधून थांबत.

"आई, पाय उचल. दोन्ही."

"उचलले तर पडू."

"खाली ठेवलेस तर पुढं कशी जाणार?"

थोरलीनं डावा पाय उचलला. मग जरा वेळानं, कोणी बघत नाही असं वाटल्यावर, उजवाही. स्कूटर खडखडत मैदानाच्या टोकापर्यंत गेली. तिथं वळायचं कसं हे अजून शिकवून झालं नव्हतं, म्हणून दोघी खाली उतरल्या, हातानं स्कूटर फिरवली आणि परत बसल्या.